आमच्या सत्त्याऐंशीच्या दहावीची पुस्तिका कशी झाली

आमच्या १९८७ च्या दहावीच्या बॅचची आठवणींची पुस्तिका एकदाची छापून झाली, आणि तेव्हापासून पुढच्या-मागच्या बॅचवाले फोन करून विचारतायत, कशी केली, खर्च किती, छापली कुठे. दर वेळी तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लांबलंय, सवडीने वाचा. माणसांची नावं इथे घालत नाही, ती पुस्तिकेत आहेत आणि पुस्तिका बॅचपुरतीच आहे.

आम्ही डिचोली तालुक्यातले. मये, शिरगाव, मुळगाव, पिळगाव, लाटंबार्से अशा गावांतल्या सरकारी मराठी शाळांत चौथीपर्यंत शिकलो आणि पाचवीला हायस्कुलात आलो, तिथे सगळं एकदम इंग्रजीत. घरात कोंकणी, वाचायला मराठी पेपर, परीक्षा इंग्रजीत, हा गोव्यातला नेहमीचाच प्रकार, बाहेरच्यांना सांगितला की ते चक्रावतात पण आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

तर ग्रुप होताच. गुड मॉर्निंग, हॅपी बर्थडे, कुणाचे तरी सासरे वारले, परत गुड मॉर्निंग. मग गेट-टुगेदरचं घाटलं आणि कोणीतरी टाकलं की हातात द्यायला काहीतरी छापील हवं. पहिला प्रस्ताव आला डिरेक्टरीचा. फोटो, नाव, हुद्दा, धंदा, मुलं कुठे असतात, मोबाईल नंबर. माझा याला पहिल्यापासून विरोध. कारण अशी पुस्तकं मी बघितलीत, ती म्हणजे पानापानावर चिकटवलेली व्हिजिटिंग कार्डं. ज्याचं बरं चाललंय तो अर्धं पान भरतो आणि ज्याचं नाही तो माहितीच पाठवत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी मायनिंगच्या भरवशावर ट्रक काढले होते, २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि पुढे त्यांच्यावर काय वेळ आली ते डिचोलीत राहणाऱ्याला सांगायला नको. त्यांना 'सध्या काय करता' हा रकाना भरायला लावायचा?

म्हणून मी दोन नियम मांडले. एक, जे काय लिहायचं ते दहावीचा शेवटचा पेपर संपला तिथपर्यंतच, पुढचं अक्षर नको. दोन, स्वतःबद्दल कोणी लिहायचं नाही, बाकावर शेजारी कोण बसायचा त्याने लिहायचं. यावर ग्रुपवर बराच दंगा झाला. आमचा एकजण आता मोठा ऑफिसर आहे, तो म्हणाला, मग माझं त्यात राहिलं काय? त्यावर शेजारच्या बाकावरच्याने लगेच टाकलं, "तुजें नाक पुसप उरलां मरे!" (तुझं नाक पुसणं उरलंय की रे!) सगळे हसले आणि नियम पास झाला. ऑफिसर दोन दिवस गप्प होता, नंतर सगळ्यात जास्त वर्गणी त्यानेच दिली, हेही सांगायला हवं.

पहिलं काम यादी. हे सोपं वाटतं, पण नाही. ग्रुपवर जेवढे होते तेवढीच बॅच असं आम्ही धरून चाललो होतो. शाळेत रीतसर अर्ज दिला, हेडमास्तरांची परवानगी घेतली आणि ऑफिसात बसून जनरल रजिस्टर बघितलं. हजेरीची मस्टरं कधीच रद्दीत गेलेली, पण जनरल रजिस्टर शाळा टाकत नाही, कारण दाखल्यासाठी कोण कधी येईल सांगता येत नाही. तुमच्या बॅचचं काम करायचं असेल तर सुरुवात इथूनच करा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नको. त्यात प्रत्येकाची पाचवीतली तारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. कारणाच्या रकान्यात बऱ्याच नावांपुढे एकच शेरा, 'लाँग अ‍ॅब्सेंट'. ही सगळी मुलं सहावी ते नववीच्या मधे गळलेली. पाचवीला एकदम इंग्रजी समोर आल्यावर काहीजण तिथेच अडकले, काहीजण नववीत नापास होऊन बसले. दहावीचा रिझल्ट चांगला दिसावा म्हणून नववीतच गाळणी लावायची पद्धत तेव्हा सगळीकडेच होती, त्यात नवल काही नाही.

मग वाद हा की यांना घ्यायचं का. दहावीची बॅच म्हणजे दहावी दिली तीच, असं काहीजणांचं ठाम मत. माझं म्हणणं, जो पाचवी ते नववी आपल्या बाकावर बसला तो आपलाच. शेवटी मत घ्यायच्या आधीच प्रश्न सुटला, कारण जुन्या क्रिकेट टीमबद्दल बोलायला लागलो की निम्मी नावं या गळलेल्यांचीच निघायची. त्यांना वगळलं असतं तर ओपनिंगला बॅटिंग करायला कोणी उरलंच नसतं. शोधायला गेलो तर यातले बहुतेक जवळपासच निघाले, एकजण तर मी गेली कित्येक वर्षं ज्या गॅरेजात स्कूटर नेतो तिथेच. त्याला मी बॅचमेट म्हणून ओळखत होतो, पण ग्रुपवर घ्यावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियमाचा फायदा इथे झाला. पुढे काय झालं ते विचारणारच नाही म्हटल्यावर तो मोकळा बोलला.

मुलींना शोधणं फार कठीण. आडनाव बदललं, कधीकधी लग्नात नावही बदललं, आणि गाव तर बदललंच. सावंतवाडी, बेळगाव, कुणी मुंबईला. इथे पुरुषांचा काहीच उपयोग झाला नाही, कारण आमच्या वर्गात मुलं मुलींशी बोलायचीच नाहीत. दोन बायकांनी हे काम अंगावर घेतलं, माहेरच्या गावी जाऊन कोणाच्या तरी वहिनीला, कोणाच्या तरी काकीला विचारत विचारत सगळ्या शोधून काढल्या. चतुर्थीला सगळ्या माहेरी येतात, तेव्हा घरोघरी फिरून नंबर घेतले. ही आयडिया त्यांचीच, आमच्यापैकी कोणाला सुचली नसती.

आता लिहून घेणं. "आपल्या शेजाऱ्याबद्दल चार ओळी पाठवा" असा मेसेज टाकला, सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि एकानेही पाठवल्या नाहीत. मग एकेकाला फोन. त्यातही 'आठवणी सांग' म्हटलं की एकच उत्तर, खूप मजा यायची रे, ते दिवस गेले. यात छापण्यासारखं काय आहे? म्हणून मग प्रश्न बदलले. तो डब्यात काय आणायचा? पाऊस असला की शाळेत कसा यायचा? कुठल्या सरांच्या तासाला तोंड लपवायचा? बुधवारी बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत कुठे पळायचा? असं विचारलं की माणूस थांबतच नाही. शेवटी व्हॉइस मेसेज मागवायला लागलो. ते सगळे कोंकणीत, मी ऐकून मराठीत उतरवायचो, पण काही वाक्यं मराठीत आणली की त्यातली हवाच जायची, ती तशीच कोंकणीत ठेवली.

याच प्रश्नांतून आमचा पोदेराचा, म्हणजे पाव भाजून विकणाऱ्याचा, मुलगा पूर्ण सापडला. आम्हा बाकीच्यांना तो फक्त पहिल्या तासाला झोपणारा म्हणून आठवत होता, सर त्याला खडू फेकून मारायचे. त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं की तो पहाटे तीनला उठून बापाबरोबर भट्टीवर असायचा, मग सायकलवर पाव घेऊन दोन वाडे फिरायचा आणि तिथून सरळ शाळेत. त्याच्या वह्या उघडल्या की मधल्या शिवणीत पीठ असायचं. भूमितीचं पान उलटताना शेजारी फुंकर मारायचा आणि मग दोघं मिळून वहीत बघून गणित उतरवायचे, कारण गणित त्याला छान यायचं, हे पण आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. त्याच्या पानावर एवढंच आहे. त्याला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला, "पिठाचें बरय, खडूचें काड." म्हणजे पिठाचं लिही, खडूचं काढ. म्हणून खडूचं काढलं.

माणसाच्या आठवणीपेक्षा कागद बरा, हेही यातच कळलं. आमच्यात एक स्कोअरर होता. स्वतः कधी खेळला नाही, चिंचेखाली बसून वर्गाच्या प्रत्येक मॅचचा स्कोअर लिहायचा, चेंडूगणिक. ती वही त्याने अजून ठेवलीय. कोण कुठल्या नंबरवर यायचा, कोण किती वाईड टाकायचा, सगळं आहे, आणि तारखांसकट असल्यामुळे बाकीच्यांच्या फुशारक्या तिथल्या तिथे तपासता आल्या. एकाने पन्नास काढल्याचं आयुष्यभर सांगितलं होतं, वहीत अकरा. त्याच वहीत २२ सप्टेंबर १९८६ चं पान आहे. मद्रासची भारत-ऑस्ट्रेलिया टेस्ट, स्टँडजवळच्या हॉटेलातल्या रेडिओपाशी शाळा सुटल्यावर आमची गर्दी, शेवटच्या ओव्हरीत एक रन हवी आणि मनिंदर एलबीडब्ल्यू, मॅच टाय. या पठ्ठ्याने दोन्ही बाजूंची बेरीज तीनदा करून बघितलीय, पानावर तिन्ही बेरजा दिसतात. ते पान आम्ही जसंच्या तसं छापलं.

दुसरा खजिना म्हणजे मुलींच्या ऑटोग्राफ बुक. मुलांनी एकानेही ठेवलेली नाही, मुलींनी माहेरच्या ट्रंकेत ठेवलेल्या. त्यात सगळ्यांची अक्षरं आहेत, टोपणनावं आहेत, शिवाय सरांचे इंग्रजी उपदेश. त्यातून ज्याची त्याची सही कापून ज्याच्या त्याच्या पानावर घातली. पुस्तिकेत लोकांना सगळ्यात जास्त काय आवडलं तर हेच. पन्नाशी उलटलेली माणसं आपली दहावीतली सही बघून हरखून गेली, आणि त्यातल्या एकाची अजून तशीच आहे.

गॅदरिंगबद्दल प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. घुमट (आमच्याकडचं मातीच्या मडक्याचं तालवाद्य) कोण वाजवायचा, यावर एकमत, कारण तो वाजवायचा तेव्हा बाकीचे बघत राहायचे. पण एकांकिकेत इन्स्पेक्टरचं काम कोणी केलं यावर तिघांचा दावा. छापील कार्यक्रमपत्रिका एकीच्या आईने पाटाखाली अंथरलेली सापडली, त्यात नाव निघालं एका मुलीचं. मुलगा ऐनवेळी तापाने आडवा म्हणून ती उभी राहिली होती, भावाची पँट घालून, आणि भाषणात तिने एवढी झोडपाझोडपी केली की समोरचा आरोपी खरंच रडकुंडीला आला. तिघेही दावेदार त्या दिवसापासून गप्प आहेत.

आता अवघड भाग. आमचं दहावीचं वर्ष म्हणजे १९८६-८७, त्या एका वर्षात गोव्यात जे झालं ते कुठल्या बॅचला मिळालं नसेल. ५ जुलै ८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. आमचे सायन्सचे सर पणजीहून यायचे, त्यांची बेतीच्या फेरीबोटीसाठी रांगेत सकाळ जायची, त्यामुळे पहिल्या तासाला सायन्स ठेवणंच बंद झालं, आम्ही खूश. डिसेंबरात राजभाषा कोंकणी की मराठी यावरून आंदोलन पेटलं, रस्ते अडले, बसेस बंद. ४ फेब्रुवारी ८७ ला विधानसभेत कायदा झाला, कोंकणी राजभाषा, मराठीलाही सरकारी कामात स्थान. मार्च-एप्रिलात आमची परीक्षा. ३० मे ला गोवा देशातलं २५ वं राज्य झालं. म्हणजे फॉर्म भरला तो गोवा, दमण आणि दीवच्या बोर्डाचा आणि अकरावीत बसलो ते गोवा राज्यात.

आणि त्या डिसेंबरात आमचा वर्ग मधोमध फाटला होता. हे कोणालाच छापायला नको होतं. जाऊ दे ना, आता कशाला, असं दोन्हीकडचे म्हणायला लागले, आणि तेही ज्यांचं तेव्हा बाकावर बसणंदेखील वेगळं झालं होतं ते. पण ते वगळलं तर वर्षातले दोन महिने गायब होतात. मी असं केलं की दोन्हीकडच्या एकेकाला एकेक पान दिलं, समोरासमोर, शब्दमर्यादा सारखी, आणि कोणीही दुसऱ्याचं पान छापायच्या आधी वाचायचं नाही. दोघांनी जे लिहिलं ते मी हातसुद्धा न लावता टाकलं. एकाचं मराठीत, दुसऱ्याचं कोंकणीत, लिपी एकच. दोघं घरी जसं बोलतात तेही एकच, पण ते सोडा.

याच भानगडीत एक मुलगी सापडली जिच्याबद्दल कोणालाच काही आठवत नव्हतं. फोटोत आहे, रजिस्टरात आहे, पण कोणालाही विचारा, 'हां, होती खरी'. तिच्या बाकावरची सावंतवाडीला दिलेली, तिचा फोन लागायलाच बरेच दिवस गेले. ती म्हणाली, अरे तीच तर सगळ्यात आधी यायची, गावची पहिली बस पकडून. आणि त्या दिवसांत आदल्या संध्याकाळी मुलं फळ्यावर घोषणा लिहून जायची, दोन्ही बाजूंची, शिव्यांसकट. ही आली की आधी सगळा फळा पुसायची, वर कोपऱ्यात तारीख आणि खाली सुविचार लिहायची आणि जागेवर जाऊन बसायची. कोणाला बोलली नाही. सरांना वाटायचं मॉनिटर पुसतो, आणि मॉनिटरने दहावी संपेपर्यंत शाबासकी घेतली.

बॅचमधले काहीजण वारलेत. त्यांच्या नावाआधी 'कै.' घालायचं की शेवटी वेगळा विभाग करायचा, यावर चर्चा सुरू झाली आणि मग लक्षात आलं की गरजच नाही. पुस्तिका एप्रिल ८७ ला थांबते, तेव्हा सगळे होते. म्हणून त्यांची पानं त्यांच्या बाकाच्या जागीच आहेत, बाकीच्यांसारखीच. एकजण तेव्हा लईराई देवीचा धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा व्रती, होता, परीक्षा संपल्या संपल्या व्रत धरून शिरगावला गेला होता, हातात बेत (धोंडांची वेताची काठी) घेतलेला त्याचा फोटो मिळाला आणि तोच घातला. त्याच्या घरी दोन प्रती जास्त दिल्या.

क्रम कसा लावायचा? आडनावाप्रमाणे नको, हजेरी क्रमांकाप्रमाणे नको, बाकाप्रमाणे लावला. त्यासाठी मधल्या दोन पानांवर वर्गाचा नकाशा काढला, कुठे फळा, कुठे खिडकी, कुठून मायनिंगच्या ट्रकांची तांबडी धूळ आत येऊन खिडकीकडच्यांचे पांढरे शर्ट दिवाळीपर्यंत विटायचे. हा नकाशा ग्रुपवर टाकला आणि खरी मजा सुरू झाली. मी तिसऱ्या बाकावर नव्हतोच, मला सहामाहीनंतर पुढे बसवलं होतं. खिडकी दोन होत्या. डस्टर ठेवायचं कपाट उजवीकडे. सगळं परत परत बदललं. ज्यांनी चार ओळी लिहायला महिने लावले ते लोक रात्री बारा वाजता बाकाच्या पायावरून भांडत होते.

आता टेक्निकल, कारण बहुतेकांचे फोन याचसाठी येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो मागवू नका, तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर फुटतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. जुन्या फोटोचा मोबाईलने फोटो काढायचा तर बाहेर सावलीत, फ्लॅश बंद, मोबाईल अगदी सरळ धरून. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, फाटतो, काचेवरूनच थोडं बाजूला काळं कापड धरून काढा म्हणजे चकाकी जाते. ग्रुप फोटोत कोण कोण ते ओळखायला रांगेप्रमाणे नंबर टाकून तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवलंत तर जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं होतं. आमच्या फोटोत बरेचजण नाहीतच, फोटोचे पैसे आणले नाहीत म्हणून कोणी त्या दिवशी आलेच नाहीत, त्यांची नावं आम्ही फोटोखाली वेगळी ओळ करून दिली.

मजकूर मी मोबाईलवर युनिकोडात टाईप केला होता, डीटीपीवाला श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, काम करणारा. कन्व्हर्ट केलं की जोडाक्षरं इकडची तिकडे, रफार भलत्याच अक्षरावर, ऱ्या चा तर पत्ताच नाही. म्हणजे प्रूफं परत पहिल्यापासून. तुम्ही आधीच विचारून घ्या की युनिकोड घेता का, घेत असेल त्याच्याकडेच जा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीतच हवीत, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात आणि मग कोणीतरी म्हणतो, जाहिरात घेऊया. आम्ही जाहिरात घेतली नाही, वर्गणीत भागलं. शंभरेक प्रतीच काढायच्या तर ऑफसेटच्या प्लेटी परवडत नाहीत, डिजिटलच करा. आतला कागद साधा मॅपलिथो घ्या, ग्लॉसी आर्ट पेपरवर म्हाताऱ्या सरांना उजेडात वाचता येत नाही. आणि चतुर्थीच्या तोंडावर प्रेसमधे जाऊ नका, आरत्यांची पुस्तकं आणि पावती पुस्तकं यातून त्यांना डोकं वर काढायला वेळ नसतो.

वाटून झाल्यावर दुरुस्त्यांचा पाऊस. एकाच्या डब्यात म्हणे बटाट्याची सुकी भाजी नव्हतीच, मुगाचं तोणाक (रस्साभाजी) असायचं. एकीची वेणी चुकीच्या बाजूला वर्णन केलीय. आणि नकाशात आता तिसरी खिडकी निघालीय. दुसरी आवृत्ती काढूया म्हणून ग्रुपवर जोर चाललाय. मी सांगितलंय, खुशाल काढा, सगळ्या फायली ड्राइव्हवर टाकल्यात, फोन आता तुम्ही करा.